परदेशातील परसबाग : थंडीच्या भाज्यांची जोपासना

परसबाग हा आपल्या भाषेतील फार जुना आणि फार जिव्हाळ्याचा शब्द आहे. घराच्या पाठीमागची चार हात जमीन, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी केळ आणि अळू, दारच्या मांडवावर चढलेला दोडका, कुंपणाशी उभा असलेला शेवगा, आणि भातकापणी झाली की उरलेल्या ओलीवर टाकलेले मुळ्याचे व माठाचे वाफे, एवढे सारे चित्र त्या एका शब्दात सामावलेले आहे. शेत हे पोटासाठी असते. परसबाग ही घराच्या मनासारखी असते. शेतात काय पेरावे हे पाऊस, सावकार आणि बाजार ठरवितात. परसात काय पेरावे हे घरातली आजी ठरविते. म्हणूनच ज्यांच्याजवळ शेत राहिले नाही त्यांनीही परसबाग सोडली नाही.

आपल्या पूर्वजांच्या बाबतीत तर ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातील माणसे मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्याच्या पायऱ्या चढून ती त्या बेटावर उतरली, तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्या करारात पुरुषाला महिना ५ रुपये मजुरी आणि शिधा ठरलेला असे. शिधा म्हणजे तांदूळ, डाळ, मीठ आणि थोडे तूप किंवा तेल. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. दुहेरी कपातीचा हा नियम त्या काळच्या जाचाची खूण म्हणून इतिहासात नमूद झाला आहे. ह्या शिध्याच्या यादीत हिरव्या पानाला स्थान नव्हते, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. जेवणात भाजी हवी तर ती बाजारातून विकत घ्यावी, नाही तर झोपडीच्या मागे आपण पेरावी. दिवसभर दुसऱ्याच्या उसात कुदळ चालविणाऱ्या माणसाला संध्याकाळी घटकाभर आपल्या इच्छेने कुदळ चालविता येईल अशी जागा एकच होती. पुढे त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठे ऊसमळे तुकड्यातुकड्यांनी विकले जाऊ लागले आणि साठविलेल्या पैशांतून अनेक मजुरांनी जमिनीचे लहान तुकडे घेतले, त्या वेळी ही परसातली विद्याच त्यांच्या उपयोगी पडली.

आज आपण त्या बेटापासूनही दूर, कॅनडासारख्या उत्तरेकडील देशात स्थायिक झालो आहोत. १९६२ साली ह्या देशाने प्रवेशाच्या नियमांतील वंशभेद बहुतांशी दूर केला व १९६७ साली गुणांकनाची पद्धत स्वीकारली. त्यानंतर मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, फिजी अशा ठिकाणची करारबद्ध मजुरांची संतती मोठ्या संख्येने येथे आली. येताना आपण देव आणले, सणवार आणले, स्वयंपाकघरातील डबे आणले. परसबाग मात्र पुष्कळांनी तेथेच ठेवली. “येथे बर्फ पडते, येथे काय उगवणार?” हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा विचारला गेला आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर असे की, येथे पुष्कळ उगवते. परंतु आपण ज्या वेळी पेरतो त्या वेळी नव्हे. त्या वेळेचा विचार करणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

तीन देश आणि एक संक्रांत

महाराष्ट्रात वर्षाची पिके दोन हंगामांत वाटलेली आहेत. पावसाबरोबर येणारा तो खरीप आणि पाऊस सरल्यावर थंडीत येणारा तो रब्बी. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, शेपू, चाकवत, गाजर, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, वाटाणा, हरभरा, मोहरी ही सारी थंडीची लेकरे. दिवाळीच्या आगेमागे पेरायची आणि पौष-माघात खायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची जी मिसळीची भाजी करतात, ती म्हणजे ह्या हंगामाचे एका पातेल्यातले संमेलनच होय. ओला हरभरा, वाटाणा, पावटा, गाजर, वांगे असे त्या दिवसांत जे जे कोवळे मिळते ते तीळ घालून एकत्र शिजवावे आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खावे, असा हा प्रघात आहे.

हीच संक्रांत मॉरिशसमध्ये भर उन्हाळ्यात येते. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे जानेवारी हा उकाड्याचा आणि चक्रीवादळांचा महिना असतो, व थंडीच्या भाज्यांचा खरा काळ जून ते सप्टेंबर हा असतो. म्हणजे आपल्या पूर्वजांना पंचांग तेच ठेवून पेरणी मात्र सहा महिन्यांनी फिरवावी लागली. कोणत्या महिन्यात कोणते बी मातीत टाकावे, ह्याचे पिढ्यान् पिढ्या पाठ झालेले ज्ञान एका समुद्रप्रवासात उलटे झाले, आणि त्या निरक्षर म्हणविल्या गेलेल्या माणसांनी ते पुन्हा सुलटे करून घेतले.

कॅनडात तिसराच प्रकार. येथील जानेवारीत जमीन दगडासारखी गोठलेली असते. नावाने हिवाळा असला तरी तो थंडीच्या भाज्यांचा हंगाम नव्हे, तो केवळ विश्रांतीचा काळ होय. थंडीच्या भाज्यांना मानवणारी हवा, म्हणजे दिवसा १५ ते २० अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून बरीच खाली, ही येथे वर्षातून दोनदा येते: एकदा एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपली एक रब्बी येथे दोन तुकड्यांत मिळते, आणि मध्ये उन्हाळ्याचा बांध असतो. हे एक सूत्र ध्यानात धरले की पुढचे सर्व सोपे होते.

ह्याच सूत्रावर ह्या देशाची मोठी शेतीही उभी आहे. आपल्याकडे थंडीत पिकणारी मसूर, वाटाणा आणि मोहरी येथील प्रेअरी प्रांतांत वसंतात पेरून उन्हाळ्याअखेर कापतात. मसूर व मोहरी ह्यांच्या निर्यातीत कॅनडा जगातील अग्रगण्य देशांपैकी एक आहे. सस्कॅचेवानमध्ये मेथीचेही पीक घेतले जाते. प्रेअरीचे भाग्य उजळविणाऱ्या ‘मार्क्विस’ गव्हाची कथा तर आपल्याला अधिकच जवळची वाटावी. कॅनडाच्या ‘रेड फाइफ’ ह्या वाणाचा संकर ‘हार्ड रेड कलकत्ता’ ह्या भारतीय वाणाशी करून तो गहू सिद्ध झाला आणि १९०९ साली शेतकऱ्यांच्या हाती पडला. ‘रेड फाइफ’पेक्षा तो सुमारे आठवडाभर आधी पिकत असे, आणि शरदातील पहिल्या हिमाच्या आत पीक घरात येण्यास तेवढे दिवस पुरेसे ठरले. उत्तरेच्या शेतीत आठवड्याला केवढी किंमत आहे, हे ह्यावरून दिसून येते.

भाजी जून का होते?

पुष्कळांचा अनुभव असा की, मे महिन्याच्या अखेरीस मोठ्या हौसेने पालक, मेथी आणि कोथिंबीर लावावी, तीन-चार आठवडे ती बरी दिसावी, आणि मग एकाएकी उंच दांडा येऊन फुलोरा दिसू लागावा. जून महिना लागला की भाजीही जून होते! ह्याचा दोष बियाण्याला किंवा मातीला देण्यात अर्थ नाही. कारण आकाशात आहे.

पालकासारखी झाडे दिवस किती लांब आहे हे मोजत असतात. दिवस सुमारे १४ तासांहून मोठा झाला की पाने वाढविणे सोडून ती फुलावर येतात, आणि उष्णता त्या कामाला आणखी घाई करते. मुंबईत किंवा मॉरिशसमध्ये वर्षातील सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. टोरंटोला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो जवळजवळ साडेपंधरा तासांचा, तर एडमंटनला सुमारे १७ तासांचा होतो. आपल्या आजोळच्या कोणत्याही परसात ह्या भाजीने इतका लांब दिवस पाहिलेला नव्हता. म्हणून येथे ती भाजी दिवस लांबण्यापूर्वी खाऊन संपवावी किंवा दिवस आखडू लागल्यावर पेरावी, ह्याशिवाय तिसरा मार्ग नाही.

फुलोऱ्यावर आलेली भाजी उपटून फेकण्याची मात्र घाई करू नये. मुळ्याला ज्या शेंगा येतात त्या आपल्या डिंगऱ्या. त्यांची भाजी तर मुळ्याहूनही चवदार होते. कोथिंबिरीला धणे धरतात, आणि हिरव्या धण्यांची चटणी ज्याने खाल्ली असेल त्याला ह्या ‘फुकट गेलेल्या’ वाफ्याचे वाईट वाटणार नाही. शेपूची फुले येथील लोक काकडीच्या लोणच्यात घालतात. मेथी वाळवून तिचे दाणे पुढच्या पेरणीस ठेवता येतात.

वसंताचा हंगाम

येथील शेजारी मंडळी व्हिक्टोरिया दिनाची, म्हणजे २५ मेच्या अगोदरच्या सोमवारची, वाट पाहून बाग लावतात. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, दोडका, कारले ह्या उष्ण देशांतील भाज्यांच्या बाबतीत तो नियम योग्य आहे. मॉरिशसच्या बोलीतील लालो, पिपंगाय आणि मार्गोज ही सारी त्या सोमवारानंतरचीच पाहुणी. परंतु हाच नियम मेथी-पालकाला लावला तर हंगामाचे पहिले सहा आठवडे व्यर्थ जातात आणि उरलेला काळ लांब दिवसांच्या तोंडी सापडतो.

थंडीच्या भाज्यांना नेमकी तारीख नको असते. त्यांना मातीची तयारी हवी असते. बर्फ वितळल्यावर मूठभर माती हातात घेऊन दाबावी. तिचा घट्ट गोळा होऊन पाणी सुटले तर थांबावे. गोळा बोटाच्या धक्क्याने सहज फुटला तर पेरणीस हरकत नाही. ओल्या चिकणमातीत पाऊल टाकले तर ती उन्हाळाभर विटेसारखी राहते, म्हणून ह्या परीक्षेचा कंटाळा करू नये. पालक व सॅलडची पाने ह्यांचे बी माती २-३ अंश सेल्सिअस असतानाही हळूहळू रुजू लागते. वाटाणा, मुळा, गाजर, कोबी ह्यांना ४-५ अंश पुरतात. घेवड्याला मात्र सुमारे १५ अंश लागतात, भेंडीला त्याहूनही अधिक. टोरंटो व मॉन्ट्रियलच्या परिसरात वसंतातील शेवटचे गोठलेले दव, ज्याला आपल्या जुन्या भाषेत दहिवर म्हणतात, ते साधारणपणे मेच्या पूर्वार्धात पडते. विनिपेगकडे ते मेच्या अखेरीपर्यंत लांबते. व्हँकुव्हरला मार्चअखेर किंवा एप्रिलमध्येच त्याची भीती सरते. ह्या तारखेच्या चार ते सहा आठवडे अगोदर थंडीच्या भाज्यांची पेरणी सुरू करावी.

पहिला मान वाटाण्याचा. दाणे रात्रभर भिजवून सुमारे अडीच सेंटिमीटर खोल आणि एकमेकांपासून चार बोटांच्या अंतरावर टोकावे व लगेच आधाराला काटक्या किंवा जाळी लावावी. उष्णता २७ अंशांच्या पुढे गेली की फूल गळते आणि शेंग धरत नाही. म्हणून वाटाण्यात उशीर चालत नाही. त्याच्याच शेजारी मुळा टाकावा. लहान जातीचा मुळा २५ ते ३० दिवसांत ताटात येतो आणि मुलांना बागेची गोडी लावण्यास त्यासारखा गुरू नाही. मेथीचे दाणे दाट पेरावे. तीन-चार आठवड्यांत वीतभर जुडी काढता येते. मेथी ही वाटाण्याच्याच कुळातील, मुळांवरील सूक्ष्म जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र मातीत बांधणारी. तिच्यामागून पानभाजी घेतली तर ती चांगली पोसते. कोथिंबिरीसाठी धणे चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करून पेरावे, हा आजीचा उपाय येथेही तितकाच खरा आहे. पालक, शेपू, बीट, नवलकोल आणि मॉरिशसच्या घरांत ब्रेद म्हणून रोज शिजणाऱ्या पानांपैकी पेतसाय ह्यांनाही हाच काळ मानवतो.

पेरणी एकदम करू नये. दर दहा दिवसांनी हातभर वाफा पेरत गेले तर मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत घरात कोवळी भाजी सतत येते. रात्री कडाका वाढेल असे वाटल्यास वाफ्यावर पातळ कापड अंथरावे. कोबी, नवलकोल ह्यांची रोपे घरात खिडकीशी वाढविली असतील तर ती एकाएकी उघड्यावर लावू नयेत. आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत असे करून त्यांना वाऱ्याची आणि उन्हाची ओळख करून द्यावी. फ्लॉवरला वसंताचा भरवसा नसतो. कोवळे रोप फार दिवस १० अंशांखालील थंडीत राहिले तर गड्डा सुपारीएवढाच धरून थांबतो. तो मान शरदाला द्यावा हे उत्तम.

श्रावणातील पेरणी

दुसरा हंगाम हा अधिक गुणाचा. परंतु त्याची पेरणी अशा दिवसांत येते की त्या वेळी थंडीची कल्पनाही मनात येत नाही. आषाढ-श्रावणात, बाहेर उन्हाचा ताव असताना, पुढच्या दहिवराचा विचार करावा लागतो. हिशेब असा करावा: आपल्या गावी शरदातील पहिले दहिवर केव्हा पडते ते पाहावे. टोरंटो शहरात व मॉन्ट्रियलमध्ये ते साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, विनिपेगकडे सप्टेंबरच्या उत्तरार्धात येते. तेथून त्या भाजीच्या वाढीचे दिवस मागे मोजावे आणि त्यांत दिवस आखडत असल्याबद्दल आणखी दहा-पंधरा दिवस मिळवावे.

दक्षिण ओंटारियोच्या हवेत हा हिशेब असा बसतो. गाजर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत; बीट जुलैच्या मध्याला; कोबी व फ्लॉवर ह्यांची तयार रोपे जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत; सलगम व मोठा पांढरा मुळा ऑगस्टच्या पूर्वार्धात; मेथी, कोथिंबीर, शेपू आणि पालक ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत; लहान मुळा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. उत्तरेकडील किंवा प्रेअरीतील वाचकांनी ह्यांतून दोन-तीन आठवडे वजा करावे.

उन्हाळ्यातील तापलेल्या मातीत पालकाचे आणि सॅलडचे बी झोपी जाते. सुमारे २७ अंशांवर ते रुजण्याचे नाकारते. त्यावर उपाय साधा आहे. संध्याकाळी ओळ ओलीचिंब करावी, बी टाकावे आणि वर फळी किंवा ओले पोते झाकावे. रोज उचलून पाहावे आणि अंकुर दिसताच झाकण दूर करावे. गाजराचे बी उगवण्यास दोन-तीन आठवडे घेते आणि त्या काळात एकदाही कोरडे पडू द्यायचे नसते. त्यालाही हीच फळी उपयोगी पडते.

दहिवराची भीती ह्या भाज्यांना नाही, हे नवख्या माणसास खरे वाटत नाही. वास्तविक थंडी वाढू लागली की गाजर, कोबी, केल ही झाडे साठविलेल्या पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात, कारण साखर मिसळलेले पाणी सहजासहजी गोठत नाही. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली ही योजना आपल्या जिभेला गोडी म्हणून कळते. दोन-तीन दहिवरे खाल्लेले गाजर आणि उन्हाळ्यातले गाजर ह्यांची चव एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावी. केल ही पानभाजी आपल्या घरांत नवी असली तरी कांदा-लसणाच्या फोडणीवर मूगडाळ घालून केली असता कोणाही पाहुण्यास ती आपली वाटेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टोरंटोचा दिवस १० तासांहून लहान असतो, आणि एवढ्या प्रकाशात वाढ जवळजवळ थांबते. म्हणून भाजी त्यापूर्वी तयार झालेली असावी. एखादी जुनी काचेची खिडकी तिरप्या लाकडी चौकटीवर ठेवून पेटी केली तर तिच्यातला पालक डिसेंबरपर्यंतही खुडता येतो. उन्हाच्या दिवशी मात्र ती थोडी उघडी ठेवावी.

लसणाची गोष्ट वेगळी. तो ऑक्टोबरात, जमीन गोठण्यापूर्वी तीन-चार आठवडे लावायचा. मोठ्या कुड्या निवडून, टोक वर ठेवून, वर सुमारे पाच सेंटिमीटर माती येईल अशा बेताने लावाव्या आणि पेंढ्याचे किंवा वाळल्या पानांचे जाड पांघरूण घालावे. तो हिवाळाभर मातीत झोपतो, वसंतात सर्वांच्या आधी डोके वर काढतो, जूनमध्ये वळलेले कोवळे दांडे देतो (त्यांची चटणी अवश्य करावी) आणि जुलैत काढणीस येतो. ह्या देशाच्या हिवाळ्याला शत्रू न मानता कामाला लावणारे हे पीक आहे.

माती, खत आणि कीड

परसातली माती आपण घेऊ तशी नसते, असेल तशी घ्यावी लागते. नव्या वसाहतींत वरची काळी माती पातळ असते आणि खाली चिकण लागते; तेथे हातभर रुंद फळ्यांची चौकट करून गादीवाफा उचलावा. त्यातले पाणी लवकर निथळते आणि वसंतात तो जमिनीपेक्षा आधी तापतो. जुन्या घरांच्या भिंतीलगत पूर्वीच्या रंगातील शिसे मातीत उतरलेले असू शकते. अशा ठिकाणी माती तपासून घ्यावी, निदान पानभाज्या भिंतीपासून दूर लावाव्या. स्वयंपाकघरातील देठ-साले आणि शरदातील वाळली पाने एकत्र कुजवून केलेले कंपोस्ट हेच येथील शेणखत होय. मॉरिशसच्या मळ्यांत पूर्वजांनी ज्वालामुखीचे दगड हातांनी वेचून त्यांचे डोंगर रचले, आणि ते दगडांचे ढीग आजही तेथील उसात उभे आहेत. त्या मानाने आपल्या वाट्याची मशागत अगदीच हलकी आहे.

कोबीवर्गीय भाज्यांचा मुख्य शत्रू म्हणजे पांढरे फुलपाखरू आणि त्याची हिरवी अळी. हे फुलपाखरू मूळचे युरोपातले. १८६० च्या सुमारास ते क्वेबेकमध्ये प्रथम आढळले आणि तेथून साऱ्या खंडावर पसरले. औषधाच्या मागे लागण्यापेक्षा लावणीच्या दिवसापासूनच बारीक जाळीचे कापड झाकणे हा खात्रीचा उपाय आहे. एकाच वाफ्यात कोबी, मोहरी, मुळा, सलगम ही एका कुळातील भाजी पुन्हा पुन्हा लावू नये. तीन-चार वर्षांनी पाळी यावी. त्या मधल्या काळात वाटाणा, गाजर, लसूण असे निराळ्या कुळांचे पीक घ्यावे.

तण म्हणून आपण जे उपटतो त्यातही ओळखीचे चेहरे असतात. येथील अंगणांत वसंतात आपोआप उगवणारा चाकवत आणि उन्हाळ्यात जमिनीसरशी पसरणारी घोळ ह्या दोन्ही आपल्या ताकातल्या व डाळीतल्या भाज्या. येथील बहुतेक लोक त्यांना तण समजून काढून टाकतात. नीट ओळख पटलेली आणि औषध न मारलेल्या जागेतीलच घ्यावी, एवढे पथ्य मात्र पाळावे.

बियाण्यासंबंधी दोन शब्द. डब्यातील मेथी, धणे, मोहरी ही पेरून पाहण्यास हरकत नाही. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावे आणि सहा-सात रुजले तर वाफ्यात टाकावे. परदेशांतून बी आणताना मात्र सीमेवर ते जाहीर करावे आणि कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेचे नियम अगोदर पाहावे. परवान्यावाचून माती आणण्यास तर बंदीच आहे. आठवण म्हणून पुडीत बांधून आणलेल्या मातीतून रोग येऊ शकतो, आणि ज्या भूमीने आपल्याला थारा दिला तिला तो देणे आपल्याला शोभणारे नाही.

ज्यांना अंगण नाही त्यांनीही निराश होऊ नये. मेथी, कोथिंबीर आणि मुळा ह्यांना वीतभर खोल कुंडी पुरते, आणि पूर्वेकडील सज्जा त्यांना अधिकच मानवतो, कारण दुपारचे ऊन टळते. अनेक नगरपालिका नागरिकांना बागेचे तुकडे देतात. मॉन्ट्रियलची सामुदायिक बागांची योजना १९७५ पासून चालू आहे. अशा बागेत शेजारच्या वाफ्यात इटालियन, पोर्तुगीज, चिनी, कोणी हैतीचा शेजारी असतो, आणि बियांची देवघेव होताना भाषेची अडचण पडत नाही.

कुदळीविषयी

एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत मातीकामाविषयी एक अढी आहे, आणि ती निष्कारण नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी मुलांना शाळेत धाडले ते त्यांच्या हातात पुन्हा कुदळ येऊ नये म्हणून. कुदळ म्हणजे सिरदाराची आरोळी, कापलेली मजुरी आणि वाकलेली पाठ. त्या कष्टांतून आपण लेखणीपर्यंत आणि तेथून ह्या देशापर्यंत आलो. तेव्हा पुन्हा माती कशाला, असे कोणी विचारले तर त्याला हसून चालणार नाही.

परंतु हेही खरे की, ज्या हातांनी दुसऱ्याचा ऊस तोडला त्याच हातांनी झोपडीमागे मुळा आणि मेथी लावली. उसाची कुदळ आणि परसाची कुदळ ह्यांचे लोखंड एक असले तरी त्यांचा अर्थ एक नव्हता. पहिली कराराची होती, दुसरी स्वतःची होती. पहिली टाकून देण्यातच शहाणपण होते. तिच्याबरोबर दुसरीही टाकून दिली तर पूर्वजांनी स्वखुशीने केलेले काम आपण विसरू आणि त्यांच्यावर लादलेले तेवढेच लक्षात ठेवू. त्यांचे स्मरण केवळ दुःखाचे असावे असे त्यांना स्वतःलाही वाटले नसते.

आपल्या परंपरेत भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाने पिकलेले अन्न खात नाहीत. माणसाने आपल्या हातांनी पिकविलेलीच भाजी त्या दिवशी शिजते. दुसऱ्याच्या, मुक्या जनावराच्याही, श्रमावर एक दिवस तरी जगू नये, ही त्यामागील भावना ज्यांच्या पूर्वजांचे श्रम पाच रुपयांना बांधून घेतले गेले त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. कॅनडातील भाद्रपद म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. त्या वेळी भेंडी, भोपळा, मका तयार असतात आणि शरदाच्या मेथीची पहिली पाने वर आलेली असतात. ऋषीची भाजी स्वतःच्या अंगणातून करण्यास ह्याहून अनुकूल काळ कोणता?

आणि त्यानंतर भोगी आहेच. जानेवारीत बाहेर बर्फाचा थर असेल. परंतु ऑक्टोबरात काढलेली गाजरे तळघरात, गोठण्याच्या किंचित वरच्या थंडीत, ओलसर वाळूच्या पेटीत पुरून ठेवलेली असतील, जूनमधले वाटाण्याचे दाणे शीतकपाटात असतील, लसणाच्या माळा खुंटीला असतील. वांगी, पावटा आणि तीळ दुकानातून आणावे. त्याला इलाज नाही. आपल्या समाजाच्या संक्रांतीच्या मेळाव्यास येताना प्रत्येक घराने स्वतः पिकविलेली एक मूठ भाजी आणावी आणि ती सर्वांची मिळून एकाच पातेल्यात शिजवावी, अशी नम्र सूचना ह्या निमित्ताने करावीशी वाटते. त्यासाठी आणावयाचे गाजर मात्र जुलैच्या मध्यापूर्वी पेरलेले असले पाहिजे.